अडतीस हजारांची वही

विद्यापीठाचं पत्र डिसेंबरात आलं. लघुसंशोधन प्रकल्पासाठी 'उपकरणे' या शीर्षाखाली चाळीस हजार रुपये मंजूर. ३१ मार्च १९९९ पर्यंत खर्च न झाल्यास रक्कम परत जाईल. भार्गवी आगाशेने ते पत्र वनस्पतिशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या तीनदा वाचलं. साताऱ्यातल्या त्या कॉलेजात तिला शिकवायला लागून नऊ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिने लेखी मागितलेल्या गोष्टींपैकी एकच मिळाली होती, ती म्हणजे प्रयोगशाळेच्या खिडकीला जाळी.

चाळीस हजारांत काय घ्यायचं ते तिचं ठरलेलं होतं. लॅपटॉप.

चार वर्षं ती सुट्टी मिळेल तेव्हा पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर जात होती. तिथल्या बायका रानातली झाडं कुठल्या नावानं ओळखतात, कशाला वापरतात, हे लिहून आणत होती. सहाशेचाळीस नोंदी झाल्या होत्या, एकवीस वह्यांत. एकाच झाडाला एका वाडीत एक नाव आणि ओढा ओलांडला की दुसरं. कुठली नोंद कुठल्या वहीत हे शोधताना तिच्या रात्री आणि डोळे दोन्ही जात. कॉलेजात कॉम्प्युटर होता, पण तो वातानुकूलित खोलीत, चपला बाहेर काढून, दोन ते चार या वेळात, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते सर नेमके दोन वाजता जेवायला जात. शिवाय ज्यांना विचारून विचारून नोंदी तपासायच्या त्या बयाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी एस.टी.त बसणं केव्हाच सोडलं होतं. मशीनच त्यांच्याकडे न्यावं लागणार होतं.

हे सगळं तिने हेडक्लार्क मानसिंग जाधवांना सांगितलं. त्यांनी ते पत्र उलटंसुलटं पाहिलं, मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं.

"घ्या की मॅडम. कोण न्हाई म्हणतंय? फक्त तीन कोटेशन पाहिजेत. तीन वेगळ्या दुकानांची, मूळ प्रत, सहीशिक्क्यासकट. आणि वस्तू नवी पाहिजे. जुनं चालत न्हाई."

"तीन दुकानं? साताऱ्यात लॅपटॉप विकणारं एक तरी दुकान आहे का, भाऊसाहेब?"

"ते मला काय ठावं? नियम सांगितला."

साताऱ्यात तसं दुकान नव्हतं. राजपथावरच्या ज्या दुकानात कॅल्क्युलेटर, टाइपरायटर आणि त्यांच्या रिबिनी मिळत, तिथल्या मालकाने तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि लेटरहेड पुढे ओढलं. "लॅपटॉप आमच्याकडं न्हाई, मॅडम. पण कोटेशन द्यायला काय लागतंय? किती लिहू?"

"तुम्हीच सांगा ना किती ते!"

त्याने छताकडे बघून एक लाख पंचाऐंशी हजार लिहिले, खाली शिक्का मारला आणि चहा मागवला.

दुसरं कोटेशन पुण्याहून टपालाने आलं. एक लाख बासष्ट हजार, अधिक विक्रीकर. सोबत रंगीत माहितीपत्रक होतं. त्यात एक माणूस समुद्रकिनारी खुर्चीत बसून लॅपटॉपवर काम करत होता. भार्गवीने त्या माणसाकडे बराच वेळ रागाने पाहिलं. जुना लॅपटॉप पुण्यात तीस-पस्तीसला मिळतो असं तिला दोघातिघांनी सांगितलं, पण त्याचं बिल मिळत नव्हतं. जो तो सल्ला मात्र द्यायचा. शेजारचे बँकेतले गृहस्थ म्हणाले, मोठा कॉम्प्युटर घ्या, चाळिसात प्रिंटरसुद्धा बसेल. मोठा कॉम्प्युटर वाडीवर कसा न्यायचा, असं तिने विचारल्यावर म्हणाले, जीप करा. प्राणिशास्त्राचे सर म्हणाले, सहा महिने थांबा, किमती पडताहेत. सहा महिन्यांनी पैसेच नसतील, हे त्यांना सांगण्याचंही तिच्यात त्राण उरलं नाही. वाईहून आईचं पत्र आलं, त्यातही होतं: एवढ्या पैशात फ्रीज आणि वॉशिंग मशीन दोन्ही येतात गं.

सांगलीचं नाव तिला एका जुन्या विद्यार्थिनीने सुचवलं. मार्च उजाडला होता. भार्गवी सकाळच्या एस.टी.ने निघाली. कराड, पेठ नाका, इस्लामपूर करत सांगलीला उतरेपर्यंत उन्हं डोक्यावर आली होती. दुकान गणपती पेठेच्या आतल्या गल्लीत, हळदीच्या जुन्या वखारीत होतं. समोरच्या अर्ध्या भागात काचेची कपाटं आणि दोन कॉम्प्युटर. मागच्या अर्ध्या भागात अजून पोती. सगळ्या हवेला हळदीचा वास होता आणि की-बोर्डांवरसुद्धा पिवळसर झाक होती.

दुकान आर्जव मगदूम नावाचा पंचविशीतला तरुण चालवत होता. कोपऱ्यात गादीवर त्याचे वडील जवाहरकाका बसले होते. हळदीचे व्यापारी, पण मुलाच्या दुकानावर लक्ष ठेवायला रोज येत असावेत असं दिसत होतं.

तिचं बजेट ऐकून आर्जव उठला. मग आतून एक खोकं घेऊन आला. त्यावरची धूळ त्याने शर्टाच्या बाहीने पुसली.

"मॅडम, हा बघा. नवा आहे. अजून सीलसुद्धा फोडलेलं नाही. फक्त मॉडेल दोन वर्षांपूर्वीचं. स्क्रीन काळी-पांढरी. एका साखर कारखान्यानं मागवला होता, मशीन येईपर्यंत त्यांचं संचालक मंडळ बदललं. नवे लोक म्हणाले, आम्ही नाही मागवला."

"आणि दोन वर्षं हा असाच पडून?"

गादीवरून जवाहरकाका बोलले, "आवं ताई, मी ह्याला सांगून दमलो. हळद ठिवली तर भाव तरी वाढतोय. ह्ये यंत्र असं हाय की आज ठिवलं तर उद्या कमी, परवा त्याच्याबी कमी. गोडाऊनमदी ठेवून उतरणारा माल मी जन्मात बघितला न्हवता."

"अप्पा, गिऱ्हाईक बसलंय समोर."

"गिऱ्हाईकाला खरं सांगू नये व्हय?"

आर्जवने सील फोडलं आणि भार्गवीने मशीन चालू करून पाहिलं. दोन मिनिटं त्यातून जात्यासारखी घरघर आली, मग पडदा उजळला. आर्जवने फ्लॉपीवरून मराठी अक्षरं त्यात घातली. तिने एकेक कळ शोधत 'भारंगी' हे रानभाजीचं नाव टाइप केलं. अक्षरं जुळून ते पडद्यावर आलेलं पाहून तिने ते पुसलं आणि पुन्हा टाइप केलं. बॅटरी किती चालते विचारलं, तर आर्जव म्हणाला पाऊण तास, आणि लगेच म्हणाला, खरं तर चाळीस मिनिटं धरा.

भाव अडतीस हजार पाचशे ठरला. कोटेशन घेऊन ती संध्याकाळच्या गाडीने परतली. गाडीत उभं राहावं लागलं, तरी तिला काही वाटलं नाही.

तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, अर्ज असं सगळं तिने मानसिंगरावांच्या टेबलावर ठेवलं. ते तिथे पंधरा दिवस राहिलं. पाडवा झाला, रामनवमी झाली. रोज ती विचारायची आणि रोज ते म्हणायचे, बघतो. शेवटी एका दुपारी त्यांनीच बोलावून घेतलं.

"मॅडम, ह्यात घोळ हाय." त्यांनी सांगलीच्या कोटेशनवर बोट ठेवलं. "ह्यानं काय लिहिलंय वाचा."

भार्गवीने वाचलं. 'नोटबुक कॉम्प्युटर, एक नग.'

"मग? लॅपटॉपला नोटबुकही म्हणतात."

"म्हणत असतील. पण आपल्याकडं नोटबुक म्हणजे वही. वही येते स्टेशनरीत. स्टेशनरीला तुमच्या प्रकल्पात मर्यादा पाचशे रुपये. अडतीस हजार पाचशेची वही मी कशी काय मंजूर करू? ऑडिटवाला मला काय म्हणंल?"

"भाऊसाहेब, पुढे कॉम्प्युटर असा शब्द आहे ना!"

"हाय. पण आधी नोटबुक हाय."

भार्गवीने डोळे मिटले. नऊ वर्षांत ती कॉलेजात कधी मोठ्याने बोलली नव्हती. त्या दिवशी तिचा आवाज वरच्या मजल्यावर गणिताच्या तासाला ऐकू गेला. "तीन महिने मी नुसती कागद गोळा करत फिरतेय! ज्याच्याकडे लॅपटॉप नाही त्याचं कोटेशन तुम्हाला चालतं, आणि ज्याच्याकडे आहे त्याचं चालत नाही! तुम्हाला हे पैसे परत जायलाच हवेत का?"

मानसिंगरावांचा चेहरा पडला. पण ते एवढंच म्हणाले, "शब्द बदलून आणा. लगेच घेतो. फॅक्स नको. फॅक्सची अक्षरं वर्षात उडून जातात. मूळ प्रत आणा."

महिना संपायला मोजके दिवस राहिले होते. मध्ये एक सुट्टी होती, तास नव्हते, म्हणून तिने त्याच दिवशी पहाटेची गाडी पकडली. सुट्टी कशाची, हा विचार तिच्या मनात आला तो सांगलीत उतरल्यावर. रस्त्यावर पताका होत्या, बँड वाजत होता, पालखीमागून पांढऱ्या कपड्यांतली माणसं चालली होती. महावीर जयंती. मगदुमांच्या दुकानाला भलं मोठं कुलूप होतं.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. रडू येईल असं वाटलं, पण रडण्याइतकीही ओल तिच्यात उरली नव्हती. नुसता संताप होता, आणि तोही कुणावर काढायचा कळेना. भगवान महावीरांवर तर काढता येत नव्हता. शेवटी तिने शेजारच्या भुसार दुकानदाराला घर विचारलं आणि रिक्षा केली.

घरी आर्जवच्या आईने, राजमतीबाईंनी दार उघडलं. भार्गवीचा अवतार बघून त्यांनी काही न विचारता आधी पाणी दिलं, मग पाट मांडला. "मिरवणुकीतनं येतील आता दोघं. तवर जेवून घ्या. सकाळपासनं पोटात कायबी न्हाई तुमच्या, दिसतंयच की." पुरणपोळी होती, कटाची आमटी होती. कांदा नव्हता, लसूण नव्हती, आणि तरी इतकं चांगलं जेवण आपण कधी जेवलो, हे भार्गवीला आठवेना.

जवाहरकाका आले ते सगळं ऐकून खो खो हसले. मग गंभीर झाले. "ताई, आज आमी धंदा करत न्हाई. आज कोटेशन लिवायचं न्हाई."

"अहो काका, परवा एकतीस तारीख आहे!"

"ऐका तर. धंदा करत न्हाई म्हणलो. पण ह्या पोरानं एक शब्द चुकीचा लिवून तुमाला दोनदा सांगलीला आणलं. चूक दुरुस्त करायला कुठला दिवस वर्ज्य हाय?" आणि मुलाकडे वळून, "आर्जव, जा, लेटरहेड आण. लॅपटॉप लिव. आणि पैल्या कोटेशनचीच तारीख नको घालू, आजची घाल. खरी."

आर्जवने ते लिहिलंच, शिवाय मशीन आपण स्वतः घेऊन येतो असंही सांगितलं. तीस तारखेला मानसिंगरावांनी खरोखरच एका तासात कागद पुढे सरकवले. एकतीसला आर्जव खोकं मांडीवर घेऊन एस.टी.ने साताऱ्याला आला, धनादेश घेऊन गेला. पैसे वाचले. भार्गवीने विभागात सगळ्यांना कंदी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप डेड स्टॉक रजिस्टरात चढवायला म्हणून कार्यालयात गेला. कॉलेजच्या प्रत्येक खुर्चीवर, घंटेवर, बादलीवर असतो तसा क्रमांक त्याच्यावर घालायचा होता. गुंडा नावाच्या शिपायाने तो पांढऱ्या ऑइलपेंटने, झाकणावर मधोमध, आपल्या ठसठशीत अक्षरात घातला. थेंब ओघळून झाकणाच्या फटीत गेले आणि वाळले. झाकण उघडेना. भार्गवीने वनस्पतींचे छेद घ्यायच्या पात्याने कडेकडेने रंग कापत, श्वास रोखून, वीस मिनिटांनी ते उघडलं. गुंडा बाजूला उभा राहून म्हणाला, "रंग मातुर एक नंबर हाय, बाई. धा वर्सं जायचा न्हाई."

तीन आठवडे खपून तिने सगळ्या नोंदी मशीनवर चढवल्या आणि एका शुक्रवारी ती मशीन पिशवीत घालून निघाली, तर कार्यालयाच्या दारात मानसिंगराव.

"मॅडम, कुठं?"

"पाटणला. शनिवार-रविवार."

"हे घेऊन? न्हाई नेता येणार. डेड स्टॉकची वस्तू कॉलेजच्या हद्दीबाहेर जात न्हाई."

भार्गवीने पिशवी खांद्यावरून खाली घेतली. या वेळी तिला ओरडताही येईना. ती समोरच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर धरून. "भाऊसाहेब," ती हळू आवाजात म्हणाली, "माझं तुमच्याशी काही वाकडं आहे का? असेल तर सांगा. मी माफी मागते. पण सांगा."

मानसिंगरावांनी कार्यालयाचं दार ओढून घेतलं. मग तेही बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"तुमच्याशी न्हाई वो, मॅडम. तुमी यायच्या आधीची गोष्ट हाय. एका सरांनी सूक्ष्मदर्शक घरी नेला. तोंडी सांगून. चांगला माणूस होता. मी म्हणलो, न्या. त्यांची बदली झाली, सूक्ष्मदर्शक कुठं गेला कुणाला ठावं न्हाई. ऑडिटात माझी सही निघाली. दोन वर्सं माझ्या पगारातनं कापलं. थोरलीचं लग्न त्याच्यापायी एक साल लांबलं. तवापासनं मी तोंडी कुणाला काय म्हणत न्हाई. वाईट दिसलो तरी चालंल."

 गणिताच्या तासाला ऐकू गेलेला आपला आवाज भार्गवीला आठवला आणि कानशिलं तापली.

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

त्यांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "हद्द कुठवर, हे काय मी ठरवत न्हाई. प्राचार्य ठरवतात. आपली शेतीची जमीन हाय ना गावाबाहेर, तीबी हद्दीतच धरलीया. प्राचार्यांनी लिहून दिलं, की पाटण तालुक्यात अमुक वाडीत, अमुक घरात कॉलेजचं अभ्यासकेंद्र हाय, तर ती कॉलेजची हद्द झाली. मग मला कायबी अडचण न्हाई. अर्ज मी लिहून देतो. तुमच्या भाषेत लिवलात तर परत येईल."

त्यांनी तो तिथेच बसून लिहिला. एकही शब्द इकडचा तिकडे करता आला नसता असा. प्राचार्यांनी 'बयाबाई शेलार यांचे राहते घर' हे शब्द वाचून चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सही केली.

बयाबाईंचं घर उतारावर होतं, शेवटचं. शनिवारी दुपारी भार्गवी तिथे पोचली तेव्हा त्या अंगणात बसून मुरुडशेंगा निवडत होत्या. तिने मशीन उघडून ओट्यावर ठेवलं, त्याची वायर घरातल्या एकुलत्या प्लगात खोचली आणि नोंदी वाचून दाखवायला लागली. बयाबाईंनी मशीनकडे एकदा पाहिलं, त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. ऐकताना मात्र त्या मध्येच थांबवत होत्या. "पाला न्हाई, साल. पाला पोटात घेतला तर उलटी व्हईल. दुरुस कर." भार्गवी तिथल्या तिथे दुरुस्त करत होती. वहीत खाडाखोड करून एक नोंद चार ठिकाणी बदलायला जो वेळ जायचा, तो जात नव्हता. गेल्या चार महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या खांद्यांतला ताण जरा सैल झाला.

मुरुडशेंगेची नोंद आली. लहान मुलाच्या पोटात मुरडा आला तर उगाळून देतात. भार्गवीने शेवटचा रकानाही वाचला. "माहिती देणारी व्यक्ती: स्थानिक स्त्री."

"ही कोण?" बयाबाईंनी विचारलं.

"कोण?"

"स्थानिक."

"म्हणजे... तुम्ही, आजी. इथल्या बायका. तसं लिहायची पद्धत आहे."

"माझं नाव तुला ठावं न्हाई व्हय? चार वर्सं भाकरी खातीस माझ्या हातची."

भार्गवी गोरीमोरी झाली. तिने घाईघाईने 'स्थानिक स्त्री' पुसलं आणि 'बयाबाई शेलार' असं टाइप केलं. वाचून दाखवलं.

बयाबाईंनी मान हलवली. "न्हाई. ही मला चिमाक्कानं दावली. माझी थोरली नणंद. मी लगीन हून आले तवा तेरा वर्सांची होते, कायबी ठावं नव्हतं. तिनं हाताला धरून रानात न्हेलं. तिचं नाव लिव. मरून तीस वर्सं झाली, पर दावली तिनंच."

भार्गवीने चिमाक्का लिहिलं.

"आता मागचं वाच."

"मागचं?"

"पैल्यापासनं. भारंगी माझ्या आईनं सांगितली. चवईच्या रानकेळीचा गाभा कसा शिजवायचा ते वरच्या वाडीतल्या सगुणीनं. नरक्याचं झाड धनगराच्या म्हाताऱ्यानं दावलं. सगळं मी थोडंच शोधलंय? वाच, मी सांगते."

सहाशेचाळीस नोंदी होत्या. प्रत्येकीपुढे स्थानिक स्त्री. भार्गवीने मनातल्या मनात हिशेब केला. जूनपर्यंत अहवाल जायचा होता, आणि हे काम आता संपता संपणार नव्हतं. तिला जोरात ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते याही वेळी कळेना. तिने मशीन पुन्हा पहिल्या नोंदीवर नेलं.

"आईचं नाव काय म्हणालात, आजी?"

"म्हणले कुठं अजून? रखमा. रखमा म्हणायचे. कागदावर काय हुतं ते कुणाला ठावं. रखमाच लिव."

त्या दुपारी एकेचाळीस नावं झाली. खालची एस.टी. चुकली. उतरून जाऊन उपयोग नव्हता म्हणून भार्गवी तिथेच राहिली, आणि बयाबाईंनी चुलीवर आमटी ठेवता ठेवता आणखी सात सांगितली. तोवर वीज गेली होती, म्हणून ती तिने वहीतच लिहून घेतली.